डाव्या खांद्याची बंदूक

आमच्या घोलवडच्या घरात तीन पिढ्या बंदूक आहे आणि तिने आजवर एकच शिकार केली, बोंबलांची. बाबा संध्याकाळी चिकूच्या वाडीत उभे राहून वटवाघळांना पळवायला आकाशात एक बार काढत. एकदा ऐन वेळी त्यांचा पाय ढेकळावरून सरकला, नळी खाली आली आणि कुंपणापलीकडे बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोन ओळींची चाळण झाली. ज्यांचे बोंबील होते त्या मावशी टोपली घेऊन थेट आमच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काका, मेलेल्याला परत कशाला मारता?" मग आठ दिवस आम्ही बोंबील खाल्ले आणि ताटाच्या कडेला छर्रे काढून ठेवले. वटवाघळं दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर होती.

खरी शिकार कायद्याने बंद आहे, आणि आमच्यासारख्यांच्या हातात बंदुका आहेत म्हटल्यावर ती बंद आहे हे बरंच आहे. आमचं लायसन्स शेतीच्या रक्षणाचं. तरी बाबांना वाटे, बंदूक घरात आहे तर मुलाला नेम यायला हवा. मुलाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला. मी थोरली, पण मुलगी, आणि वर डावरी. डाव्या हाताने घास घेते म्हणून मी लहानपणी आमटीच्या पळीचा मार खाल्लेला आहे.

भात कापून झालं की रिकाम्या शेतात बाबा भावाला घेऊन उभे राहत. दिवाळीत वापरलेल्या पणत्या आईकडून मागून घेतलेल्या असत. त्या उडवायचं काम माझ्याकडे. शेतावर पाखरं हाकायची दोरीची गोफण घ्यायची, तिच्यात दगडाऐवजी पणती ठेवायची, डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि सोडायची. पणती इतकी सुरेख वर जाई की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटत. मग धाडकन बार होई आणि पणती तशीच अखंड पुढे जाऊन जमिनीवर उतरे. भाऊ डोळे गच्च मिटून घोडा दाबायचा. मला ते दिसायचं, कारण मी त्याच्या बाजूला असायची. बाबांना दिसत नसे, कारण ते पणतीकडे बघत. बार झाला की ते म्हणत, "फेक वाकडी होती."

दरवेळी हेच. पणती नाकासमोर सरळ गेली तरी फेक वाकडी. मी चिडून पाय आपटायची तेव्हा बाबा शांतपणे म्हणत, "डाव्या हाताची ना, वाकडीच जाणार." आज मी साठीची झाले तरी हे वाक्य विसरलेले नाही. माझ्या स्वभावात एवढी एक गोष्ट पक्की आहे, मी राग नीट जपून ठेवते.

मी नोकरी रेल्वेत केली, वाणगावच्या तिकीट खिडकीत. सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडण्यात तारुण्य गेलं. रिटायर झाल्यावर आता भांडायचं कोणाशी असा प्रश्न पडला होता, तेवढ्यात एका मैत्रिणीची लेक मला तिच्याबरोबर मुंबईला शूटिंग रेंजवर घेऊन गेली. तिथे क्ले शूटिंग चालतं. यंत्र केशरी रंगाच्या मातीच्या तबकड्या हवेत भिरकावतं आणि आपण त्या फोडायच्या. मी ते बघितलं आणि एकदम ओरडले, "अगं, या पणत्या आहेत!"

तिथल्या बंदुका आमच्यासारख्या शेजारी-शेजारी नळ्यांच्या नव्हत्या. त्यांच्या दोन नळ्या एकीवर एक असतात, त्यामुळे नेम धरताना डोळ्यापुढे एकच नळी येते. पंचवीस तबकड्यांत मी तीन फोडल्या. शिकवणारा तरुण म्हणाला, "मॅडम, तुमचा डावा डोळा जास्त पक्का आहे. डाव्या खांद्याला लावून बघा." तशी लावली आणि पुढच्या पंचवीसात अकरा फुटल्या. फक्त दर बाराला दस्ता गालावर चपराक मारत होता. घरी आले तेव्हा माझा डावा गाल असा सुजला होता की शेजारणीने दाढ काढली का म्हणून विचारलं. तो तरुण म्हणाला होता की नेहमीचा दस्ता उजव्या माणसासाठी किंचित उजवीकडे वळवलेला असतो. डावऱ्याला डावीकडे वळलेला लागतो, आणि तसा जुन्या बंदुकीत मिळणं कठीण. नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणजे मला हवी होती जुनी, वरखाली नळ्यांची आणि शक्य तर डावरी.

आता लायसन्स. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. लायसन्स वारसाच्या नावावर करून द्यायची वेळ झालीच होती, आणि ते अर्थातच भावाच्या नावावर व्हायचं होतं. मी भावाला फोन केला. तो वापीला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, "ताई, घे बाई तूच. मला फटाक्यांचीसुद्धा भीती वाटते गं. लहानपणी मी डोळे मिटून मारायचो."

"हे मला माहीत आहे. बाबांना सांग."

"आता? या वयात? जाऊ दे ना," तो म्हणाला आणि ना-हरकतीचा कागद दुसऱ्याच दिवशी पाठवून दिला.

बाबांना तो कागद वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "ठीक आहे. कागद तुझ्या नावावर कर. पण बंदूक मी पसंत करणार. मी हो म्हटलं तर घ्यायची. नाही तर आपली जुनी विकायची, लायसन्स जमा करायचं आणि विषय बंद." मी कबूल झाले. दुसरं काय करणार? शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांचं ते 'हो' बंदुकीपेक्षाही जास्त हवं होतं. दस्त्याच्या वळणाचं मात्र मी त्यांना काही सांगितलं नाही. डाव्या हाताचा विषय काढला की माझा आवाज चढतो.

जुन्या बंदुका बघायच्या कुठे? आमच्याकडे त्याची सोय सरकारच करतं. निवडणूक लागली की आचारसंहितेत सगळ्यांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. त्या दिवशी आजूबाजूचे सगळे वाडीवाले बंदुका घेऊन एका बाकावर येऊन बसतात. अशी बाजारपेठ दुसरीकडे मिळणार नाही. एकाने बंदूक गोधडीत गुंडाळली होती, एकाने सुनेच्या योगासनाच्या चटईत. एका डॉक्टरांची तर क्रिकेटच्या बॅटच्या पिशवीतून निम्मी बाहेर आलेली. बाबांनी बाकाच्या एका टोकापासून तपासणी सुरू केली. चिकू उतरवायला आला का हे बघायला जसं साल नखाने खरवडतात, तसं ते प्रत्येक दस्ता नखाने खरवडून बघत होते. लोक चिडायला लागले.

"काका, पॉलिश जातंय!"

"म्हणजे पॉलिशच आहे, लाकूड नाही," बाबा म्हणाले आणि पुढे सरकले.

एकाच्या नळीत बाबांनी डोळा लावला आणि म्हणाले, "पलीकडचं काही दिसत नाही." मोतीबिंदूमुळे त्यांना तसंही पलीकडचं फारसं दिसत नाही, म्हणून मी बघितलं. आत कुंभारीण माशीने मातीचं तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. मालक म्हणाला, "गेल्या निवडणुकीत नव्हतं हो." म्हणजे दोन निवडणुकांच्या मध्ये त्याने बंदूक उघडलीच नव्हती. हवालदारांनी पावतीवर 'नळीत माती' असं लिहू का म्हणून विचारलं, तर तो नको म्हणाला.

बाकावरच्या सगळ्या बंदुका शेजारी-शेजारी नळ्यांच्या निघाल्या. शेवटी त्या डॉक्टरांनी सांगितलं, "तलासरीला एक शेठ आहेत. त्यांच्याकडे वरखाली नळ्यांची आहे. कधीपासून विकायची म्हणतात, पण जो बघायला जातो तो नको म्हणून परत येतो."

"का?" मी विचारलं.

"काय माहीत. मी पण नको म्हटलं. खांद्याला लावली की कशीतरीच वाटते."

मला लगेच दस्त्याचं वळण आठवलं, पण मी बाबांसमोर चेहरा तिकीट खिडकीतला ठेवला.

मतमोजणी झाली, बंदुका ज्याच्या त्याच्या घरी गेल्या आणि आम्ही तलासरीला गेलो. लायसन्सवर बंदूक घ्यायची मुदत असते आणि माझी सरत आली होती. शेठ सत्तरीचे, बारीक, कडक इस्त्रीच्या पायजम्यातले. घरात गुजराती, आमच्याशी मराठी, आणि राग आला की पुन्हा गुजराती. त्यांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवलं आणि म्हणाले, "आधी चहा, पछी बंदूक."

चहा आला. बंदूक येईना. शेठनी आम्हालाच तपासायला घेतलं.

"बेन, घर कुठे?"

"घोलवड."

"दरियापासून किती लांब?"

कशाला विचारतायत ते माझ्या लक्षात आलं. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं. मी म्हणाले, "तसं लांबच आहे."

बाबा म्हणाले, "लाटा ऐकू येतात."

शेठनी बशी खाली ठेवली. "मग नाय द्यायची. तलासरीची हवा कोरडी, इथे ती सुखात आहे. तुमच्याकडे एका वर्षात तिची चाळणी होणार."

मी बाबांकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. बाबा शांतपणे म्हणाले, "शेठ, आमची जुनी बंदूक माझ्या आजोबांची आहे. त्याच घरात, त्याच वाऱ्यात. एक ठिपका नाही. दर शनिवारी मी तेल लावतो." हे मात्र खरं होतं. बाबांनी आम्हा दोघांच्या डोक्याला कधी तेल लावलं नाही, पण बंदुकीचा शनिवार चुकवला नाही. शेठ उठले आणि आत जाऊन पेटी घेऊन आले.

बंदूक देखणी होती. अक्रोडाचा दस्ता, नळ्यांवर निळसर झाक. मला लगेच उचलून खांद्याला लावायची होती, पण अट म्हणजे अट. आधी बाबा. त्यांनी दस्ता नखाने खरवडला. शेठचा श्वास अडकला. बाबा म्हणाले, "लाकूड आहे." मग म्हणाले, "नळ्या सोडवा."

शेठनी नळ्यांची जोडी सोडवून दिली. बाबांनी सुतळी मागितली, नळ्यांखालच्या हुकाला बांधून ती जोडी हवेत लोंबती धरली आणि मला म्हणाले, "लाटणं माग." ही परीक्षा मला माहीत होती. दोन्ही नळ्या आणि त्यांना जोडणारी पट्टी घट्ट असेल तर लाकडाने ठोकल्यावर घंटेसारखा आवाज येतो. जोडाचा डाग सुटलेला असेल तर बद्द. आणि आवाजाच्या बाबतीत बाबांना कोणी हरवू शकत नाही. उभ्या जन्मात त्यांनी लाखभर नारळ ठोकून बघितले असतील.

बाबांनी लाटण्याने ठोकलं. आवाज आला, बद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द.

"नासका आहे," बाबा म्हणाले.

शेठ झोपाळ्यावरून उठले. "मारी बंदूक नाळियेर नथी!"

"नारळ असता तर फोडून दाखवला असता."

"चाळीस वर्ष सांभाळली आहे मी! चाळीस वर्ष!" शेठनी लाटणं हिसकावून घेतलं आणि स्वतः ठोकलं. बद्द. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. त्यांनी चार जागी ठोकून बघितलं. मी म्हणाले, "शेठ, नळीतून बघू या तरी एकदा." एवढा वेळ कोणीच नळीत बघितलं नव्हतं. बाबांचा डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता आणि शेठचा बंदुकीवर अतोनात होता. मी उजेडाकडे धरून बघितलं. वरची नळी आरशासारखी लख्ख. खालच्या नळीत अंधार.

काठी घालून ढकललं तेव्हा आतून जुन्या परकराचा लांबच लांब बोळा निघाला आणि त्याच्यामागून टणटण उड्या मारत सात डांबरगोळ्या फरशीवर आल्या. एक बाबांच्या चहात पडली.

शेठनी आतल्या दाराकडे बघून विचारलं, "आ शुं छे?"

आतून शेठाणींचा आवाज आला, "कसर लागे ने! शालमां मूकुं छुं, तो आमां पण मूकी."

नुकत्याच झालेल्या निवडणुकीनंतर बंदूक पोलीस ठाण्यातून आली तेव्हापासून शेठाणींनी कसर लागू नये म्हणून तिची लोकरीच्या शालीसारखी काळजी घेतली होती. वरच्या नळीपर्यंत त्यांचा परकर पुरला नव्हता, एवढंच. बाबांनी सुतळी पुन्हा धरली आणि ठोकलं. असा गोड, लांब आवाज निघाला की झोपाळ्याखालची मांजर उठून बसली. बाबांनी डोळे मिटले आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत मिटलेलेच ठेवले. "अस्सल आहे," ते म्हणाले. शेठनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं.

बाबांनी बंदूक जोडली, बिजागरी हलवून बघितली, उघडायची कळ कुठे येऊन थांबते ते बोटाने चाचपलं. सगळं पास. मग त्यांनी ती खांद्याला लावली. त्यांच्या उजव्या खांद्याला. मान वाकडी केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली आणि बंदूक खाली ठेवली.

"दस्ता वाकडा आहे. नको."

"बाबा, एक मिनिट..."

"वाकडा म्हणजे वाकडा. उठ. निघू या."

शेठ हसायला लागले. डांबरगोळीच्या प्रकारानंतर त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं बहुतेक. "सगळे हेच बोलतात, काका. वाकडी नथी. डाबोडी छे. मी डावरा आहे ना! माझ्या मापाचा दस्ता आहे."

मी बंदूक उघडून ती रिकामी आहे हे बघून घेतलं, मिटली आणि डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकला आणि डोळ्यापुढे नळीची सरळ रेष आली. मान वाकडी करावी लागली नाही, काहीच करावं लागलं नाही. त्या घरात, त्या डांबराच्या वासात, मला एकदम रडू यायला लागलं. साठ वर्षं मी उजव्या माणसांच्या कात्र्या, उजव्या माणसांच्या खुर्च्या आणि उजव्या हाताने उघडायची तिकीट खिडकी वापरली होती. माझ्या मापाची ही पहिलीच वस्तू.

शेठ म्हणाले, "बेनने बराबर बसे छे."

बाबा माझ्या मागे आले, बाजूला आले, वाकून बघितलं. नळी, डोळा, गाल, खांदा. चिकूची पेटी बंद करायच्या आधी बघतात तसं. मग ते झोपाळ्यावर बसले आणि डांबरगोळीचा चहा तोंडाला लावणार तेवढ्यात शेठनी तो काढून घेतला.

"घे," बाबा म्हणाले.

बाकीचं कागदपत्रांचं काम झालं, ते सांगण्यासारखं नाही. शेठाणींनी बंदुकीला हळदकुंकू लावलं आणि वाटेसाठी म्हणून मला एक डांबरगोळी दिली. शेठनी दर शनिवारी तेल लावल्याचा फोन करायचा असं वचन घेतलं. मी करते. ते विचारतात, "हवा कशी आहे?" आणि मी कोरडी आहे असं सांगते.

भात कापून झालं. आमच्या रिकाम्या शेतात मी बंदूक घेऊन उभी राहिले. वटवाघळांना आवाज ऐकवायचाच असतो, त्यात मध्ये पणती आली तर तो पणतीचा दोष. प्रश्न फेकायचं कोणी एवढाच होता. मी काही बोलायच्या आत बाबा घरातून आले ते पणत्यांचं घमेलं आणि माझी लहानपणची गोफण घेऊन. दोरी नवी घातलेली होती.

"बाबा, खांदा दुखेल."

"मी काय म्हातारा झालोय?"

पहिली पणती त्यांच्या मागे पडली. दुसरी गोफणीतून निघालीच नाही आणि त्यांच्याच डोक्यावर फुटली. तिसरी चिकूच्या झाडात गेली. ते धापा टाकत होते, पण मला जवळ येऊ देत नव्हते. चौथी मात्र वर गेली, बऱ्यापैकी वर. मी डाव्या खांद्याला दस्ता लावला, डोळे उघडे ठेवले आणि बार काढला. पणती सावकाश पुढे जाऊन अखंड जमिनीवर उतरली.

आणि माझ्या तोंडून, पन्नास वर्षं जपून ठेवलेलं वाक्य मी न ठरवता बाहेर पडलं.

"फेक वाकडी होती!"

बाबांनी गोफण खाली घेतली. डोक्यातली मातीची खापरी झटकली.

"हो, वाकडीच होती," ते म्हणाले. "तुझी कधी नसायची."

मग त्यांनी वाकून घमेल्यातली पुढची पणती उचलली.